प्लिमथचा दगड आणि पटक्सेटचे गाव

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात समुद्रकाठी प्लिमथ नावाचे गाव आहे. मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या इंग्रजांनी १६२० च्या डिसेंबरात येथे वस्ती केली. त्या वस्तीची आठवण जपण्यासाठी या गावात पिढ्यान्‌पिढ्या संस्था निघत राहिल्या: १७६९ मध्ये ओल्ड कॉलनी क्लब, १८२० मध्ये पिलग्रिम सोसायटी (या वसाहतकरांना पुढे ‘पिलग्रिम’ म्हणू लागले), १८९७ मध्ये मेफ्लॉवरच्या वंशजांची संघटना, १९१९ मध्ये गावातील स्त्रियांनी जुनी घरे वाचवण्यासाठी काढलेली प्लिमथ अँटिक्वेरियन सोसायटी आणि १९४७ मध्ये ती वस्ती पुन्हा उभारून दाखवणारी प्लिमथ प्लँटेशन. स्थानिक इतिहास मंडळांचे काम कसे चालते, ते कोठे चोख असते आणि कोठे उणे पडते, हे पाहायचे असेल तर यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. जतन करणे आणि गौरव करणे ही दोन वेगळी कामे आहेत. प्लिमथमध्ये ती दोन्ही एकाच हातांनी केली आणि काय जपायचे हे बहुतेक वेळा गौरवाच्या गरजेने ठरले. त्यामुळे वस्तू उत्तम राखल्या गेल्या, पण ज्या गावाच्या जागेवर ही वस्ती उभी राहिली त्या पटक्सेटला या सगळ्या मांडणीत साडेतीन शतके फारशी जागा मिळाली नाही.

मूळ घटना

पटक्सेट हे या किनाऱ्यावरील मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांचे गाव होते. १६१४ मध्ये टॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने तेथील वीसेक माणसे फसवून जहाजात घातली आणि स्पेनमधील मालागा बंदरात विकायला नेली. त्यांच्यापैकी टिस्क्वांटम नावाचा एकजण इंग्लंडमार्गे १६१९ मध्ये परत आला, तेव्हा गाव उरलेले नव्हते. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने किनाऱ्यावरची गावेच्या गावे रिकामी केली होती. पुढल्याच वर्षी मेफ्लॉवर आले. इंग्रजांना येथे मोकळी केलेली शेते, गोड्या पाण्याचा ओढा आणि चढाची जागा आयती मिळाली. ती आयती मिळण्याचे कारण म्हणजे ती कसणारी माणसे मरून गेली होती.

जहाजावर १०२ प्रवासी होते आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. १६२१ च्या मार्चमध्ये वाम्पानोआगांचे प्रमुख ऊसामेक्विन यांच्याशी करार झाला. ‘मॅसासॉइट’ ही त्यांची पदवी असून बाहेर ते त्याच नावाने ओळखले जातात. टिस्क्वांटमने या वसाहतकरांना मक्याची लागवड शिकवली. त्या वर्षीच्या सुगीनंतर ऊसामेक्विन सुमारे ९० माणसे घेऊन आले, तीन दिवस मेजवानी चालली आणि त्यांच्या माणसांनी पाच हरणे मारून आणली. एडवर्ड विन्स्लो या वसाहतकराने पत्रात लिहिलेल्या काही ओळींतून ही माहिती आपल्याला मिळते. थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतील नोव्हेंबरातल्या सणाची सारी लोककथा पुढे याच ओळींवर रचली गेली.

पहिला क्लब आणि चुकलेली तारीख

१७६९ च्या जानेवारीत गावातील सात प्रतिष्ठितांनी ओल्ड कॉलनी क्लब काढला. गावातील मद्यगृहांत जमणाऱ्या सरमिसळ मंडळींत बसावे लागू नये, हा हेतू त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे. त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरला त्यांनी पूर्वजांच्या आगमनाचा दिवस पहिल्यांदा साजरा केला. त्या जेवणाची यादी उपलब्ध आहे. तीत रानटी बोरांचे मोठे पुडिंग, मका आणि घेवड्याचा सकटॅश, शिंपले, कालवे, कॉड मासा, हरणाचे मांस, वाम मासे, सफरचंदाचा पाय, क्रॅनबेरीचे टार्ट आणि चीज असे पदार्थ होते. ऐषआराम टाळून पूर्वजांसारखे साधे जेवायचे, असे ठरवून केलेले हे जेवण होते. सकटॅश हा शब्द आणि पदार्थ दोन्ही या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांकडून आलेले आहेत. म्हणजे ज्यांचा उल्लेख भाषणांत सहसा होत नसे, त्यांचे अन्न पहिल्या दिवसापासून ताटात होते.

तारखेचा घोळ येथेच सुरू झाला. शोधतुकडी किनाऱ्यावर उतरली ती जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे ११ डिसेंबर १६२० रोजी. नव्या पंचांगात ती बसवताना क्लबाने ११ दिवस मिळवले आणि २२ ही तारीख धरली. अठराव्या शतकासाठी दोन्ही पंचांगांतला फरक खरोखर ११ दिवसांचा आहे, पण सतराव्या शतकासाठी तो १० दिवसांचा आहे. त्यामुळे योग्य तारीख २१ डिसेंबर ठरते. पिलग्रिम सोसायटीने पुढे ही चूक मान्य करून २१ तारीख धरली, तर ओल्ड कॉलनी क्लब आजही २२ च्या पहाटे मिरवणूक काढून तोफ उडवतो. मला या भेदात काही वावगे वाटत नाही. एक संस्था घटनेचा दिवस पाळते आणि दुसरी आपल्या परंपरेचा, आणि दोघींनाही आपण काय पाळतो हे ठाऊक आहे. पूर्वजांनी पहिले पाऊल ज्यावर ठेवले असे मानतात, त्या दगडाच्या बाबतीत एवढी स्पष्टता कधीच आली नाही.

क्लब फार काळ टिकला नाही. इंग्लंडच्या राजाची बाजू घेणारे आणि स्वातंत्र्यवादी अशी सदस्यांत फूट पडली आणि १७७३ मध्ये तो बंद झाला. त्याचे पुनरुज्जीवन व्हायला १८७५ साल उजाडावे लागले. १७७० च्या सोहळ्यात भाषण करणारे तरुण एडवर्ड विन्स्लो हे मेफ्लॉवरवरील विन्स्लोंचे वंशज होते. ते पुढे राजाच्या बाजूने लढले आणि युद्धानंतर कॅनडातील न्यू ब्रन्सविकमध्ये स्थायिक झाले.

दगड

प्लिमथच्या धक्क्याजवळचा तो प्रसिद्ध दगड हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून त्याच्याकडे जरा सविस्तर पाहावे लागेल.

१७४१ मध्ये किनाऱ्यावर नवा धक्का बांधायचे ठरले, तेव्हा नव्वदी ओलांडलेले टॉमस फॉन्स यांना खुर्चीत बसवून तेथे आणले गेले. समुद्राजवळच्या एका मोठ्या दगडाकडे बोट दाखवून, पूर्वजांनी पहिले पाऊल यावर ठेवले असे आपण जुन्या लोकांकडून ऐकले आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांचे वडील १६२३ मध्ये, म्हणजे मेफ्लॉवरनंतर तीन वर्षांनी आले होते. घटनेनंतर १२१ वर्षांनी एका वृद्धाने सांगितलेली ऐकीव गोष्ट, एवढाच या दगडाचा पुरावा आहे. वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांच्या विस्तृत वृत्तांतात या दगडाचा उल्लेख नाही आणि विन्स्लोंच्या लेखनातही नाही.

शिवाय ११ डिसेंबरला उतरली ती छोट्या होडीतून आलेली शोधतुकडी होती. तिच्यात फक्त पुरुष होते. मेफ्लॉवर त्या वेळी केप कॉड या द्वीपकल्पाच्या टोकाशी नांगर टाकून उभे होते आणि ते प्लिमथच्या बंदरात आले ते काही दिवसांनी. बायकामुलांसह दगडावर पाय ठेवणारी कुटुंबे दाखवणारी चित्रे पिढ्यान्‌पिढ्या भिंतींवर लागली, पण तसे दृश्य त्या दिवशी कोणी पाहिलेले नाही.

तरी गावाने दगड उचलून धरला. १७७४ मध्ये तो बैलांच्या जोड्या लावून गावच्या चौकात न्यायला निघाले, तर तो मध्येच आडवा दुभंगला. खालचा भाग धक्क्याशी राहिला आणि वरचा चौकात गेला. १८३४ च्या ४ जुलैला हा वरचा भाग पिलग्रिम हॉलपुढे हलवताना गाडीवरून पडून पुन्हा तडकला. मध्यंतरी लोक आठवण म्हणून त्याचे तुकडे फोडून नेतच होते. पिलग्रिम सोसायटीने १८५९ मध्ये धक्क्यावरील भागावर चार कमानींची दगडी छत्री बांधायला घेतली आणि ती १८६७ मध्ये पुरी झाली. १८८० मध्ये दोन्ही भाग पुन्हा एकत्र आणून सांधले गेले आणि त्यावर १६२० हा आकडा कोरला गेला. ३०० व्या वर्धापनाच्या सुमारास ती छत्री पाडून खांबांचा आजचा मंडप उभारला गेला आणि भरतीचे पाणी दगडापर्यंत यावे अशी किनाऱ्याची रचना करण्यात आली. आज मंडपात उभे राहून कठड्यावरून खाली पाहिले, तर वाळूत बसलेला एक मध्यम आकाराचा करडा दगड दिसतो. त्यावर सिमेंटने भरलेली तड्याची रेघ आडवी गेलेली स्पष्ट दिसते. लांबून आलेल्या माणसांना तो अपेक्षेपेक्षा लहानच वाटतो.

या घटनाक्रमातील एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ब्रॅडफर्ड यांचे हस्तलिखित स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात नाहीसे झाले होते. १८५५ मध्ये ते लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात सापडले, १८५६ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने ते छापले आणि १८९७ मध्ये मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली. म्हणजे १८५६ पासून मुख्य साक्षीदाराची साक्ष सर्वांच्या हाती होती आणि तिच्यात दगड नव्हता. छत्रीची पायाभरणी झाली ती त्यानंतर तीन वर्षांनी. पुरावा उपलब्ध नसताना केलेली चूक समजण्यासारखी असते, परंतु येथे पुरावा हाती आल्यावरही बांधकाम थांबले नाही. कारण तोपर्यंत दगड हा इतिहासाचा पुरावा उरला नव्हता. तो श्रद्धास्थान झाला होता आणि श्रद्धास्थानाला पुराव्याची गरज कोणी विचारत नाही. त्यात पाप नाही, असे मी म्हणेन. पण इतिहास मंडळाने ‘ही परंपरा आहे’ आणि ‘हे घडले आहे’ या दोन वाक्यांतील फरक फलकावर लिहिणे, हे त्याचे पहिले कर्तव्य आहे.

पिलग्रिम हॉल: जतनाची चोख बाजू

दगडावर एवढे लिहिल्यावर त्याच सोसायटीच्या दुसऱ्या कामाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. १८२० मध्ये वसाहतीच्या दोनशेव्या वर्षी सोसायटीची स्थापना झाली आणि त्या डिसेंबरात राजकारणी आणि नामांकित वक्ते डॅनियल वेबस्टर यांनी प्रसिद्ध भाषण केले. त्यात त्यांनी गुलामांच्या व्यापाराचा खुलेपणाने धिक्कार केला, ही त्या सोहळ्याची जमेची बाजू आहे. १८२४ मध्ये वास्तुविशारद अलेक्झांडर पॅरिस यांच्या आराखड्यानुसार पिलग्रिम हॉल बांधला गेला. तेव्हापासून तो लोकांसाठी खुला असून अखंड चाललेल्या अमेरिकेतील सर्वांत जुन्या सार्वजनिक संग्रहालयांत त्याची गणना होते.

येथे ब्रॅडफर्ड यांचे बायबल आहे, वसाहतीचे लष्करी कप्तान माइल्स स्टँडिश यांची तलवार आहे, त्यांची मुलगी लोरा हिने भरलेला कशिद्याचा नमुना आहे आणि केप कॉडच्या बंदरावर जहाजातच जन्मलेल्या पेरेग्रिन व्हाइट याचा म्हणून ओळखला जाणारा वेताचा पाळणा आहे. मेफ्लॉवरच्या प्रवाशांपैकी ज्या एकाचेच हयातीत काढलेले चित्र उपलब्ध आहे, ते एडवर्ड विन्स्लोंचे १६५१ मधील व्यक्तिचित्रही येथेच आहे. घराण्यांकडे पडून राहिलेल्या या वस्तू सोसायटीने वेळीच गोळा केल्या नसत्या, तर लिलावांत आणि आगींत त्या केव्हाच गेल्या असत्या. लोरा स्टँडिश तरुणपणीच वारली. तिच्याबद्दल दुसरे फारसे काही मागे राहिलेले नाही, पण तिच्या सुईचा प्रत्येक टाका आज मोजता येतो. जतन म्हणजे काय, हे मला तेथे कळते.

मात्र संग्रह वंशजांच्या देणग्यांतून वाढला, म्हणून त्याला वंशजांचाच आकार आला. वाम्पानोआगांची घरे, शेते आणि कबरी यांच्या बाजूने देणगी घेऊन येणारे या सभागृहाच्या दारात कोणी नव्हते. कोल्सहिल या टेकडीवर पहिल्या हिवाळ्यात मेलेल्या वसाहतकरांना पुरले होते. तेथे सापडलेली त्यांची हाडे दगडावरील छत्रीच्या वरच्या कोनाड्यात आदराने ठेवली गेली आणि पुढे टेकडीवरच ग्रॅनाइटच्या समाधीत विसावली. केप कॉडवर उतरलेल्या शोधतुकडीने मात्र १६२० च्या नोव्हेंबरात मूळ रहिवाशांच्या कबरी उकरून त्यांतल्या निवडक वस्तू घेतल्याचे त्याच वसाहतकरांच्या वृत्तांतात नोंदलेले आहे. एकाच मातीतल्या दोन प्रकारच्या मृतांना मिळालेली ही वागणूक शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर पुढचे सारे समजायला सोपे जाते.

१९७० चे न झालेले भाषण

१९२१ मध्ये कोल्सहिलवर शिल्पकार सायरस डॅलिन यांनी घडवलेला ऊसामेक्विन यांचा पुतळा बसवण्यात आला. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला हा पुतळा सुंदर आहे, परंतु तो वसाहतकरांना मदत करणाऱ्या मित्राचा पुतळा आहे. त्यांचा मुलगा मेटाकोमेट याने १६७५ मध्ये वसाहतींविरुद्ध युद्ध पुकारले, १६७६ मध्ये तो मारला गेला आणि त्याचे शीर प्लिमथमध्ये दोन दशकांहून अधिक काळ खांबावर टांगलेले होते. वडिलांचा पुतळा उभारणाऱ्या गावात मुलाचा उल्लेख करणारा सार्वजनिक फलक नव्हता.

१९७० मध्ये, वसाहतीच्या ३५० व्या वर्षी, राज्याच्या मेजवानीत बोलण्यासाठी अक्विना येथील वाम्पानोआग समाजाचे वामसुट्टा फ्रँक जेम्स यांना बोलावण्यात आले. भाषण आधी पाहायला मागितले गेले. त्यात उकरलेल्या कबरींचा, नेलेल्या धान्याचा आणि गमावलेल्या जमिनीचा उल्लेख होता. ते नाकारून त्यांना दुसरे भाषण लिहून देऊ करण्यात आले, तेव्हा जेम्स यांनी बोलायलाच नकार दिला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ते आणि त्यांचे सहकारी कोल्सहिलवर त्याच पुतळ्यापाशी जमले आणि त्यांनी तो राष्ट्रीय शोकदिन म्हणून पाळला. तेव्हापासून तो दरवर्षी पाळला जातो.

आयोजकांनी नाकारलेल्या मजकुरातील कबरी आणि धान्य यांचा आधार वसाहतकरांच्याच वृत्तांतात होता, आणि तो वृत्तांत इतिहास मंडळांच्या कपाटांत होता. पुराव्याची उणीव कधीच नव्हती. तो सोहळ्यात वाचून दाखवण्याची तयारी नव्हती.

१९९७ मध्ये शोकदिनाच्या मोर्च्याशी पोलिसांचा संघर्ष होऊन २५ जणांना अटक झाली. १९९८ मध्ये समझोता झाला, आरोप मागे घेण्यात आले आणि गावाने दोन फलक लावण्याचे मान्य केले. त्यांपैकी एक कोल्सहिलवर आहे. १९७० पासून येथे मूळ रहिवासी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दुपारी शोकदिनासाठी जमतात, असे तो सांगतो. दुसरा मेटाकोमेटविषयी आहे. दोनशे वर्षांच्या स्मारकांच्या मालिकेत हे दोन छोटे फलक खटल्याच्या तडजोडीतून आले, याची मला खंत वाटते. ते इतिहासप्रेमींच्या सभेत ठरायला हवे होते.

दोन प्रकारचे बोलणे

१९४७ मध्ये हेन्री हॉर्नब्लोअर दुसरे या पुरातत्त्वाची ओढ असलेल्या बॉस्टनच्या शेअर दलालाने प्लिमथ प्लँटेशन ही संस्था काढली. गावापासून थोड्या अंतरावर १६२७ च्या सुमाराची इंग्रज वस्ती पुन्हा उभारण्यात आली. मेफ्लॉवरची प्रतिकृती इंग्लंडमध्ये बांधून १९५७ मध्ये अटलांटिक ओलांडून आणण्यात आली. येथील इंग्रज वस्तीत काम करणारी माणसे १६२० च्या दशकातील एखाद्या वसाहतकराचे सोंग घेऊन त्याच्या बोलीत बोलतात. त्यांना पुढच्या काळाविषयी विचारले, तर ती गोंधळल्यासारखी पाहतात, कारण त्यांच्या लेखी ते अजून घडलेलेच नसते.

१९७३ मध्ये याच संस्थेत वाम्पानोआग विभाग सुरू झाला आणि तेथे एक निराळा निर्णय झाला. तिथली मूळ रहिवासी माणसे चामड्याचे पारंपरिक कपडे घालतात, लाकूड जाळून कोरत होडी बनवतात, मक्याची कणसे भाजतात, पण बोलतात ती आजची माणसे म्हणून आणि स्वतःच्या समाजाविषयी. आम्ही संपलेलो नाही, हे त्यांना सांगायचे असते आणि भूतकाळातील सोंग घेऊन ते सांगता येत नाही. संग्रहालयशास्त्रातील हा छोटा बदल मला दगडावरच्या साऱ्या छत्र्यांपेक्षा मोलाचा वाटतो. वसाहतकरांचा काळ गोठवता येतो, कारण त्यांचे वंशज गावभर आपापल्या नावांनी आणि संघटनांनी बोलतातच. ज्यांना बोलू दिले नव्हते त्यांचा काळ गोठवणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा गप्प करणे होय.

२०२० मध्ये, ४०० व्या वर्षी, संस्थेने आपले नाव बदलून प्लिमथ पटक्सेट केले. चार शतकांनंतर त्या गावाचे नाव पाटीवर आले. नाव बदलले म्हणून वेतन, पदे आणि निर्णयाचे अधिकार आपोआप बदलत नाहीत, आणि वाम्पानोआग समाजातील काहींनी याबाबत पुढे जाहीर नाराजी व्यक्त केली आहे. ती संस्थेने ऐकली पाहिजे.

बरिअल हिलवरचे वासरू

मूळ वस्ती नेमकी कोठे होती, हा प्रश्न इतकी स्मारके होऊनही जमिनीत तपासलेला नव्हता, कारण ती आजच्या गावाखाली दबलेली आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बॉस्टन शाखेच्या पुरातत्त्वज्ञांनी बरिअल हिल या दफनभूमीच्या कडेला काही वर्षे उत्खनन केले आणि २०१६ मध्ये मूळ वस्तीचे अवशेष सापडल्याचे जाहीर केले. त्यांत खांबांच्या खड्ड्यांचे मातीतले डाग होते, भांड्यांचे तुकडे होते आणि एका खड्ड्यात पुरलेले अख्खे वासरू होते. मूळ रहिवासी गुरे पाळत नसत. त्यामुळे पुरलेले वासरू जेथे सापडते ती जागा इंग्रज वस्तीच्या आतली, असा निष्कर्ष काढता येतो. संशोधकांनी त्या वासराचे नाव कॉन्स्टन्स ठेवले.

दगडाला ना साक्ष आहे ना संदर्भ, तरी त्याच्यावर दोन वेळा वास्तू उभ्या राहिल्या. वासराला दोन्ही आहेत आणि ते मातीच्या थरासकट नोंदले गेले. पटक्सेटच्या अवशेषांचा शोध असाच, वाम्पानोआग संशोधकांना बरोबर घेऊन व्हायला हवा. ती जमीन अजून बरीचशी न उकललेली आहे, तिच्यावर रस्ते, घरे आणि चर्च उभी आहेत, आणि तेथे खोदण्याची परवानगी देणे न देणे बऱ्याच अंशी याच गावाच्या आणि त्याच्या इतिहास मंडळांच्या हाती आहे.